सगळ्यात जुनं आधी

नेताजी खोतच्या स्कूलबसची किल्ली मी खिडकीतून हात घालून काढून घेतली, तेव्हा बसमध्ये पोरं नव्हती एवढंच नशीब. शाळा सुटायला पाऊण तास होता. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपला होता. किल्लीचा आवाज झाला तसा दचकून उठला, आणि मला बघून त्याचा चेहरा असा उतरला की मला आणखीच चेव आला.

“ताई, तुम्ही?”

“ताई म्हणू नको. उतर खाली.”

तो उतरला. गेटवरचा वॉचमन, दुसऱ्या बसचे दोन ड्रायव्हर, कट्ट्यावर डबा खात बसलेल्या शाळेच्या दोन मावश्या, सगळे बघायला लागले. मला तेच हवं होतं. सात महिने मी गप्प बसून काढले होते. आता चार माणसांत बोलायचं हे ठरवूनच मी आले होते.

“सात महिने माझ्या पगारातनं दर महिन्याला दोन हजार नऊशे कापतात. तुझ्या कर्जाचे. तू नोकरी सोडून पळालास आणि मी तुझे हप्ते भरत बसलेय.” माझा आवाज चढत गेला. “ऐका हो सगळे. हा माणूस चोर आहे. चोराच्या हातात तुम्ही लोकांची पोरं देताय. आईनं याला दूध पाजलं का पाणी, कुणाला ठाऊक.”

दूध-पाणी तोंडात आलं ते सवयीनं. मी दूध संघाच्या लॅबमध्ये होते. कुणाच्या कॅनमध्ये किती फॅट आहे आणि कुणी पाणी घातलंय, हे बघण्यात माझी वीस वर्षं गेली होती. दूध नुसतं काचेवर ओघळताना बघून मी पाणी ओळखते, अशी माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्वही होता.

नेताजी माझ्या माहेरच्या गावचा. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. माहेरच्या गावचा म्हणजे भाऊच, म्हणून मी शब्द टाकून त्याला संघात टँकरवर लावला होता. दर भाऊबीजेला तो ओवाळून घ्यायला यायचा, माझ्या नवऱ्याला दाजी म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी तो कर्जाचा फॉर्म घेऊन लॅबमध्ये आला. “ताई, घरदुरुस्तीला काढतोय. जामीन ऱ्हाता का?” आमच्या सेवकांच्या पतसंस्थेत दोन जामीनदार लागायचे आणि संघात सगळे एकमेकांना जामीन असायचे. आज मी तुला, उद्या तू मला. सही करताना कुणी रक्कमसुद्धा वाचायचं नाही. मीही दोन नमुन्यांच्या मध्ये, ओल्या हातानं, सही ठोकून मोकळी झाले.

मग एक दिवस नेताजीनं राजीनामा दिला, फंडाचे पैसे काढले आणि संघाकडं फिरकेनासा झाला. दुसरा जामीनदार निवृत्त होऊन पुण्याला लेकाकडे गेलेला. राहिले मी. ते तरी मी दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण त्या दिवशी सकाळी पतसंस्थेच्या सचिवांनी माझा स्वतःचा अर्ज परत केला होता. माझ्या मयूरीला नर्सिंगला नंबर लागला होता, एकतीस तारखेच्या आत पंचेचाळीस हजार भरायचे होते, आणि सचिव म्हणाले होते, “शालनताई, खोतचं कर्ज थकलंय तोवर तुम्हाला एक रुपया देता येत नाही.” त्या दिवशी अठरा तारीख होती.

“बोल की आता,” मी नेताजीला म्हटलं. “का जीभ पण गहाण टाकलीस?”

तो मान खाली घालून उभा होता. एवढं बोलूनही उलट उत्तर नाही, त्याचा मला फार राग आला. भांडणारा माणूस बरा.

“ताई, रविवारी मी कोल्हापूरला चाललोय,” तो हळूच म्हणाला. “एक मुल्लाणी सर हायत. बँकेतनं रिटायर झालेले. कर्जात बुडालेल्यांना वाट काढून देतात, फुकट. सगळी कर्जं एकत्र मांडायची, महिन्याला झेपेल तेवढी एकच रक्कम ठरवायची आणि ती सगळ्यांना वाटून द्यायची, असं काहीतरी करतात. जामीनदाराला घेऊन या म्हणालेत. तुमच्याकडं यायला मला तोंड नव्हतं.”

“मी येणार,” मी म्हटलं. “तुझं सगळं बाहेर निघताना मला बघायचंय.”

किल्ली मी त्याच्या अंगावर टाकली आणि निघाले. पाठीमागं वॉचमन कुणाला तरी काहीतरी सांगत होता. मला बरं वाटलं.

घरी नवऱ्याला सांगितलं, तर त्यांनी ताटातला हात थांबवला. रावसाहेब चौगुले म्हणजे गावात वजन असलेला माणूस, निदान ते तसं समजायचे. सिमेंटच्या दुकानात कामाला, पण जुन्या बुलेटवरून असे जायचे-यायचे की दुकान त्यांचंच वाटावं.

“कशाला जातीस तिथं?” ते म्हणाले. “असली सल्ला देणारी माणसं म्हंजे सगळा बाजार. मी बोलतो नेताजीशी.”

“सात महिने बोलताय.”

“अगं, आपलेच दात, आपलेच ओठ. माहेरचा माणूस तुझ्या. जरा सबुरीनं घे.”

“आणि मयूरीची फी सबुरीनं घेतील का?”

मयूरी दारात उभी होती. तिनं कॉलेजचं पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवघरात ठेवलं होतं आणि दिवसातून दोनदा ती ते काढून बघायची. वडील काय बोलतात हे तिला ऐकायचं होतं. ते भाकरी अर्धी टाकून उठले. नवरा माझ्या माहेरच्या माणसाची बाजू घेतोय म्हणून मला त्या क्षणी त्यांचं थोडं कौतुकही वाटलं. आज ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

रविवारी सकाळी आम्ही कोल्हापुरात एका वाचनालयाच्या माडीवर पोचलो. मी एसटीत नेताजीच्या शेजारी बसले नव्हते. मुल्लाणी सर बारीक अंगाचे, सत्तरीला आलेले. टेबलावर चहाचा थर्मास, एक कॅल्क्युलेटर आणि जुन्या कॅलेंडरचे मोठे कागद, पाठीकडची कोरी बाजू वर करून ठेवलेले.

“चाळीस वर्षं कर्जं वाटली,” त्यांनी चहा ओतत मला सांगितलं. “आता फेडायला लावतो. जामीनदार तुम्ही?”

“हो. फसलेली.”

“फसलेलेच येतात इथं,” ते शांतपणे म्हणाले आणि एक कागद नेताजीपुढं सरकवला. “खोत, लिहा. सगळ्यात जुनं आधी. कुणाकडून, किती, केव्हा आणि कशासाठी. एकही लपवायचं नाही. एक लपवलंत तर बाकीची मांडून उपयोग नाही.”

नेताजी लिहायला बसला. ट्रक-टँकर चालवणाऱ्याचा हात, अक्षर मोठं मोठं. मी वाकून वाचत होते. पहिलं, फायनान्स कंपनीचं, चौऱ्याहत्तर हजार राहिलेलं. मग क्रेडिट कार्ड, शेहेचाळीस हजार. मग खाजगी सावकार, चाळीस हजार, महिन्याला शेकडा पाच. मग आमच्या पतसंस्थेचं, एक लाख अडतीस हजार. शेवटी मोटरसायकलचे बावीस. सरांनी बेरीज केली. तीन लाख वीस हजार.

“कशासाठी, हा रकाना मोकळा आहे,” सर म्हणाले.

नेताजीनं मोटरसायकलच्या पुढं ‘गाडी’ लिहिलं. पतसंस्थेच्या पुढं ‘घरदुरुस्ती’ लिहिलं. बाकीचे तीन तसेच.

“घरदुरुस्ती?” माझा तोल गेला. “सर, मी दिवाळीत याच्या घरी गेले होते. पत्र्याला तीच भोकं आणि त्याखाली तीच बादली. खोटं लिहायलाय हा. दारू न्हाई पीत, मला माहीत आहे. मग जुगार का? का बाई ठेवलीस कुठं?”

“ताई.”

“सांग की मग.”

“ताई जरा बाहेर गेल्या तर सांगतो,” तो सरांना म्हणाला.

“मी का बाहेर जाऊ? पगार माझा कापतात.”

मुल्लाणी सरांनी चष्मा काढून पुसला. “खोत, मी कशासाठी विचारतो ते ऐका. मला तुमची लाज काढायची नाही. पैसा जिथून गळतो, ते भोक अजून उघडं आहे का बुजलं, एवढंच मला बघायचंय. उघडं असेल तर मी या पाच जणांना पत्रं लिहून, हात जोडून, व्याज थांबवून काही फायदा नाही.”

“बुजलंय, सर.”

“कागद दाखवा.”

नेताजीनं पायाशी ठेवलेली पिशवी उचलली पण उघडली नाही. तो ती छातीशी धरून बसला. सरांनी हात पुढं केला, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी ती पिशवी त्याच्या हातून हिसकावून घेतली आणि टेबलावर पालथी केली. पावत्या, नोटिसा, विम्याचा कागद, एक पिवळी पडलेली जाड नोटीस. वर आमच्या तालुक्याच्या नागरी पतसंस्थेचं नाव. मी वाचलं.

कर्जदार, रावसाहेब भाऊसो चौगुले. जामीनदार, नेताजी बंडू खोत. कर्जदाराने हप्ते न भरल्यामुळे संपूर्ण रक्कम जामीनदाराच्या पगारातून वसूल करण्यात येईल.

मी ते पुन्हा वाचलं. मग तारीख वाचली. सहा वर्षांपूर्वीची.

माझ्या नवऱ्यानं टेम्पो घेतला होता, ते मला माहीत होतं. त्याला कर्ज काढलं होतं, तेही माहीत होतं. धंदा बसला, तेव्हा टेम्पो एक लाख वीस हजारांना विकला आणि कर्ज मिटवलं, असं त्यांनीच सांगितलं होतं. सांगितलं काय, गल्लीत पेढे वाटले होते. “चौगुल्यानं कुणाचा पैसा बुडवला न्हाई,” असं म्हणत वाटले होते. त्यातला एक पेढा मी माझ्या हातानं नेताजीला दिला होता आणि त्यानं तो माझ्यासमोर खाल्ला होता.

“तू पेढा खाल्लास,” मी म्हटलं.

“ताई, दाजी म्हणाले, चार महिन्यांत भरतो. ताईला कळलं तर संसार मोडंल.”

“कधी म्हणाले?”

“पहिली नोटीस आली तवा. मग मी फायनान्सचं काढून भरलं. मग कार्डावर भरलं. मग ते दोन्ही थकलं म्हणून सावकाराकडनं घेतलं. मग…” तो थांबला.

“मग आमच्या संस्थेतनं कर्ज काढून त्या पतसंस्थेचं बंद केलंस. मला जामीन ठेवून.”

“व्हय. नोकरी सोडली ती पण फंडाच्या पैशासाठी. ते सावकाराच्या व्याजात गेले.”

म्हणजे माझ्या पगारातून सात महिने जे कापलं जात होतं, ते माझ्याच नवऱ्याचं कर्ज होतं. फक्त ते नेताजीच्या घरावरून वळसा घालून, त्याचं घर धुऊन, माझ्याकडं आलं होतं. दूध बघून पाणी ओळखणारी मी. माझ्या घरात सहा वर्षं पाणी ओतलं जात होतं आणि मी नाकानं कांदे सोलत बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी मी ती भरल्या गेटवर देऊन आले होते.

माझा पहिला राग नेताजीवरच फुटला. “तुला नाही म्हणता येत नव्हतं? तोंड शिवलेलं का तुझं?”

“दाजींना?” तो म्हणाला, आणि त्यानं माझ्याकडं असं बघितलं की हा प्रश्न मला कसा पडला हेच त्याला कळेना. “दाजींना न्हाई कसं म्हणायचं, ताई? तुम्ही तिथं नांदताय.”

आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याला नाही म्हणत नाहीत. तो आला की पुढ्यात ताट वाढतात, सही मागितली तर सही देतात.

मुल्लाणी सरांनी नोटीस वाचून बाजूला ठेवली. “बाई, एक कोरडी गोष्ट सांगतो. ते नागरी पतसंस्थेचं कर्ज बंद झालंय. कागदावर तुमच्या नवऱ्याचं आता कुणाचंच देणं नाही. खोत मागू शकतात, जामीनदारानं भरलेलं मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क कायद्यात आहे. पण हे काही मागणार नाहीत.”

“कागदावर कुणाचंच देणं नाही,” मी म्हटलं. तो शब्द मला उकळत्या तेलासारखा लागला. मी पर्समधून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. “मयूरीच्या फीचं जमतंय बहुतेक. तुमची सही लागतेय. वाचनालयाच्या माडीवर या.” आवाज मी इतका गोड काढला की नेताजी घाबरला.

ते तासाभरात आले. जिन्यात बुलेटच्या किल्लीचा खुळखुळाट आधी आला, मग ते. आत नेताजी दिसला, टेबलावरची पिवळी नोटीस दिसली आणि ते दारातच थांबले.

“शालन, चल घरी. लोकांच्या पुढ्यात…”

“लोक कोण आहेत इथं? हा माझा भाऊ. हे सर. बसा.”

“बसा, चौगुले,” सर म्हणाले. “चहा घ्या.” त्यांनी थर्मास उघडला, कप भरला आणि त्याच्याबरोबर एक कोरा कागद पुढं सरकवला. “सगळ्यात जुनं आधी.”

“मी कशाला लिहू? माझं काही देणं नाही.”

“लिहा,” मी म्हटलं.

वीस वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी त्या आवाजात बोलले नव्हते. ते बसले. पेन उचललं. ‘टेम्पो’ लिहिलं.

“टेम्पो विकून आलेले एक लाख वीस कुठं गेले, ते पण लिहा.”

“तुला माहीत आहे.”

“मला माहीत आहे ते पेढ्यांचं. खरं लिहा.”

मग त्यांनी लिहिलं, ‘ग्रामपंचायत निवडणूक’.

मला वाटलं होतं ती निवडणूक मित्रांच्या पैशावर झाली. ते तसंच सांगायचे, लोकांनी मला उभं केलंय. महिनाभर जेवणावळी, जीप, डिजिटल फलकावर हात जोडलेला फोटो. मी स्वतः त्या जेवणावळींना पोळ्या लाटल्या होत्या.

“मतं किती पडली होती?” मी विचारलं.

“शालन, बास.”

“मला माहीत आहे. सरांना माहीत नाही.”

“एकेचाळीस,” ते म्हणाले.

“सर, तुमच्या कॅल्क्युलेटरवर एक लाख वीस हजाराला एकेचाळीसनं भागा.”

सरांनी भागलं. त्यांना ते नको होतं, पण भागलं. “दोन हजार नऊशे सव्वीस, वर काही पैसे.”

“एक मत तेवढ्याला पडलं,” मी म्हटलं. “तेवढेच माझ्या पगारातनं महिन्याला कापतात. सात मतांचे पैसे फिटले बघा माझ्याकडनं. चौतीस मतं राहिली.”

नेताजी रडायला लागला. माझा नवरा रडला नाही, तो टेबलाकडं बघत राहिला. मला वाटलं होतं हे सगळं बोलून झालं की मोकळं वाटेल. पण काहीच मोकळं झालं नाही.

मग सरांनी मांडणी केली. बस चालवून नेताजीला नऊ हजार, बायकोच्या शिलाईचे तीन. घर चालवून पाच हजार उरत. “मोटरसायकलची बँक, कार्ड, फायनान्स, तुमची संस्था, हे चौघे पत्रानं ऐकतात. ठरलेली रक्कम दर महिन्याला येत राहिली तर दंड-व्याज थांबवतात, बाईंची कपातही संस्था थांबवेल. सावकार ऐकत नाही. त्याचं दोन हजार व्याजच या पाचातून जाणार. त्याचे चाळीस हजार एकरकमी फेकले तरच ही योजना उभी राहते. नाहीतर सहा महिन्यांत कोसळेल.”

“चाळीस कुठून आणू, सर?” नेताजी म्हणाला.

मी नवऱ्यापुढं तळहात पसरला. “किल्ली.”

“कसली?”

“बुलेटची. आणि या योजनेत तुमचंही नाव लिहायचं. पगारातनं महिना तीन हजार. नेताजीचे पाच, तुमचे तीन.”

“आणि मयूरीची फी?” ते एकदम म्हणाले. सापडली वाट, असा त्यांचा सूर होता. “बुलेट विकायचीच तर पोरीला दे की. सावकाराच्या घशात कशाला?”

बुलेटचे येऊन येऊन पन्नास हजार येणार. मयूरीचे पंचेचाळीस. सावकाराचे चाळीस. दोन्ही होणार नव्हतं. सर माझ्याकडं बघत नव्हते, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होते. नेताजी म्हणाला, “ताई, पोरीची फी भरा. मी बघतो माझं.” तो परत तेच करत होता. परत माझ्या घरासाठी आपलं घर जाळायला निघाला होता, आणि मी तेवढ्यापुरता श्वास सोडला, हे मी लपवत नाही. देवघरातली ती प्लास्टिकची पिशवी माझ्या डोळ्यांपुढं होती.

“किल्ली,” मी परत म्हटलं.

बुधवारी बुलेट अठ्ठेचाळीस हजारांना गेली. त्यातले चाळीस मी स्वतः सावकाराच्या हातात दिले आणि तारणाला ठेवलेला नेताजीचा कोरा चेक माझ्यासमोर फाडून घेतला. एकतीस तारीख आली आणि गेली. मयूरीनं देवघरातलं पत्र काढून माझ्या पुढ्यात ठेवलं, फाडलं नाही, नुसतं ठेवलं. वर्षभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली आणि संघाच्या पॅकिंगमध्ये पिशव्या मोजायला उभी राहिली. पुढच्या वर्षी तिला परत नंबर लागला. आज ती मिरजेला सिस्टर आहे. त्या वर्षाबद्दल ती अजूनही काही बोलत नाही, आणि मी विचारत नाही.

पण मला सांगायचंय ते बुधवारच्या दुसऱ्या दिवसाचं. सावकाराची पावती नेताजीला द्यायला मी दुपारी शाळेच्या गेटवर गेले. वॉचमननं मला लांबूनच ओळखलं आणि आडवा आला.

“बाई, आता भांडण नको इथं. त्या दिवशी तुम्ही बोललात ते आत पोचलं. मुख्याध्यापकांनी खोतला बोलावून घेतलं. चोरीचा आळ असलेला माणूस पोरांच्या बसवर नको म्हणाले. एक तारखेपासनं दुसरा ड्रायव्हर येणार आहे.”

नेताजी बसजवळ उभा होता. मी त्याच्यापर्यंत चालत गेले.

“रविवारी तुला हे माहीत होतं?”

त्यानं मान डोलावली.

“पाच हजार महिन्याला देतो म्हणून सही केलीस. नोकरी जाणार हे माहीत असताना. आणि मला सांगितलं नाहीस.”

“तुमच्याच बोलण्यानं झालं, ताई. कसं सांगू? तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. खरंच वाटली. सहा वर्षं या माणसानं मला वाईट वाटू नये म्हणून माझ्यापासून सगळं लपवलं होतं आणि मला त्या लपवण्याचंच वाईट वाटत होतं, हे त्याच्या डोक्यात शिरणं शक्य नव्हतं. माझ्या नवऱ्याला मी पुढं कधीतरी माफ केलं असेन, एका घरात राहायचं म्हटल्यावर माणूस करतो. नेताजीला मी अजून पूर्ण माफ केलेलं नाही. छत्तीस महिने त्यानं एकही हप्ता चुकवला नाही, तरीसुद्धा.

“चल,” मी म्हटलं.

“कुठं?”

“आत.”

मुख्याध्यापकांच्या खोलीत मी बसले नाही. ते फाईल बघत होते. वॉचमन दारात, त्याच्या मागं एक ड्रायव्हर आणि त्या दोन मावश्या, कारण गेल्या वेळी त्यांनी ऐकलं होतं आणि आता उरलेलं ऐकायला त्या आल्या होत्या. येऊ देत, मी मनात म्हटलं.

“सर, गेल्या आठवड्यात तुमच्या गेटवर याला चोर म्हणणारी बाई मी. शालन चौगुले. कर्ज माझ्या नवऱ्याचं होतं. यानं ते सहा वर्षं भरलं आणि भरता भरता बुडाला. चोर माझ्या घरात होता, मी चुकीच्या दारात ओरडले.”

नेताजी मागून पुटपुटला, “ताई, राहू दे, दाजींचं नाव…”

“तू गप्प बस.”

मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. दारातल्या माणसांकडं बघितलं. संध्याकाळपर्यंत हे अर्ध्या तालुक्याला कळणार, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

“हे तुम्ही लिहून द्याल?” त्यांनी विचारलं. “नाव-गावासकट?”

“द्या कागद.”

मी उभ्यानंच लिहिलं. नवऱ्याचं पूर्ण नाव, गाव, रक्कम, तारखा, सगळ्यात जुनं आधी. ‘कशासाठी’ हेही लिहिलं, निवडणुकीसाठी, एकेचाळीस मतांसाठी. शेवटी ‘नेताजी बंडू खोत चोर नाहीत, हे मी खात्रीनं सांगते’ असं लिहून पेन थांबवलं. मुख्याध्यापक म्हणाले, “खाली सही करा, बाई.”

सही करायच्या आधी मी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत दोनदा वाचला.